तव्यावरचा पांढरा मासा

मासा दोन दिशांनी कापला जातो, आणि तव्यावर त्याचे पुढे काय होणार हे पुष्कळसे त्या दिशेवर ठरते. कण्याला आडवी सुरी चालवली, की मधल्या काट्यासह गोल किंवा लांबट तुकडी निघते. सुरमई, घोळ, हलवा हे मासे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील घरांत बहुधा अशा तुकड्यांच्याच रूपात शिजतात. कल्ल्यामागून शेपटीपर्यंत सुरी कण्याला लागून फिरवली आणि एका बाजूचे सगळे मांस काट्यावरून सलग सोडवले, तर जो बिनकाट्याचा लांब पट्टा हाती येतो त्याला फिले म्हणतात. तुकडीला मधला काटा सावरून धरतो आणि भोवतीची कातडी तिला सुटू देत नाही. फिलेला काट्याचा आधार नसतो, कातडी असली तर एकाच बाजूला असते, आणि खांद्याकडे जाड व शेपटीकडे पातळ अशा त्याच्या आकारामुळे तो सगळीकडे एकाच वेळी शिजतही नाही. मराठी स्वयंपाकघरातील तवा फ्रायची पद्धत, म्हणजे मसाल्याचा भरपूर लेप, रव्यात किंवा तांदळाच्या पिठीत घोळवणे, मध्यम आच आणि दोन्ही बाजूंना सारखा वेळ, ही तुकडीसाठी घडलेली आहे व तुकडीला ती शोभतेही. तीच पद्धत फिलेला जशीच्या तशी लावली, की तो कोरडा पडतो, तव्याला चिकटतो आणि उलटताना मोडतो, आणि दोष मात्र माशाला दिला जातो.

ज्या माशांच्या स्नायूंत मायोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू धरून ठेवणारे लाल रंगद्रव्य, फारच थोडे असते त्यांना पांढऱ्या मांसाचे मासे म्हणतात. बांगडा किंवा कुपा यांना अखंड पोहायचे असते, त्यासाठी त्यांच्या स्नायूंना प्राणवायूचा व चरबीचा सतत पुरवठा लागतो, म्हणून त्यांचे मांस गडद व तेलकट असते. याउलट जिताडा, मरळ, मुडदुशी किंवा लेपा यांसारखे मासे बराच वेळ स्थिर राहतात आणि भक्ष्य दिसले किंवा संकट आले की एखादी झेप घेतात. अशा क्षणिक वेगासाठी लागणारा स्नायू रंगाने फिका असतो व त्यात चरबी बहुधा शेकडा एक-दोन भागच असते. कातडीखाली, शरीराच्या मध्यरेषेवर, तांबूस स्नायूची एक अरुंद पट्टी त्यांनाही असते, आणि तिचा विचार पुढे करावा लागणार आहे. चरबी कमी असण्याचा परिणाम स्वयंपाकात लगेच दिसतो: बांगडा दोन-तीन मिनिटे जास्त राहिला तरी त्याचे तेल त्याला सांभाळून घेते, पांढऱ्या माशाला ती सवलत नाही. त्याच्या वजनाचा शेकडा ऐंशीच्या आसपासचा भाग पाणी असतो, आणि ते पाणी आत राखणे हेच त्याच्या शिजवण्याचे मुख्य काम आहे.

हे पाणी ज्या प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असते त्यांचे वागणे समजून घेतले पाहिजे. माशाचे मांस आखूड तंतूंच्या थरांनी बनलेले असते. प्रत्येक थराला मायोटोम म्हणतात, आणि दोन थरांच्या मध्ये कोलॅजेन या जोडणाऱ्या प्रथिनाचा अगदी नाजूक पडदा असतो. जमिनीवरच्या प्राण्यांच्या तुलनेत माशांत हे कोलॅजेन कमी असते व ते बरेच कमी तापमानाला विरघळून जिलेटिन होते, त्यामुळे शिजलेल्या माशाचे थर बोटाच्या हलक्या दाबाने पाकळ्यांसारखे सुटतात. मटणाला जे तासभर रटरटावे लागते ते या कोलॅजेनसाठी. माशाला त्याची गरजच नसते. दुसरीकडे स्नायूतील मायोसिन हे प्रथिन साधारण ४० अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडू व गोठू लागते, अर्धपारदर्शक मांस दुधासारखे अपारदर्शक होते, आणि तापमान ६० अंशांच्या वर चढत गेले की तंतू आकसून आतले पाणी बाहेर पिळून काढतात. उष्ण पाण्यात राहणाऱ्या माशांची प्रथिने थंड समुद्रातल्या माशांपेक्षा थोडी अधिक ताप सोसतात, त्यामुळे युरोपीय पाककृतींतील कॉडसाठीची वेळ आपल्याकडच्या माशाला तंतोतंत लागू पडत नाही. पण मार्ग तोच आहे, आणि रसरशीत व चोथट यांमधले अंतर फार तर आठ-दहा अंशांचे आहे.

कोणता पांढरा मासा फिलेला योग्य हे पाहण्याच्या दृष्टीने तमिळनाडूच्या तंजावूर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव अभ्यासण्यासारखे आहे, कारण तेथे समुद्राचा आणि तळ्याचा असे दोन्ही पांढरे मासे जवळच्या अंतरावर येतात. तंजावूरहून पट्टुकोट्टैकडे जाणारा रस्ता ओरत्तनाडुवरून जातो, आणि पट्टुकोट्टैच्या पुढे अदिरामपट्टिनम व मल्लिपट्टिनम ही पाल्कच्या उपसागरावरील मासेमारीची गावे लागतात. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले आणि त्याच योजनेतील कल्लणै कालव्याने कावेरीचे पाणी या कोरड्या पट्ट्यापर्यंत आणले. कालव्याकाठची व गावोगावची तळी ही येथील गोड्या पाण्यातील माशांची घरे आहेत. मराठी वाचकाला या गावाची आणखी एक ओळख आहे. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावूर घेतल्यापासून १८५५ पर्यंत हा प्रदेश भोसले घराण्याशी जोडलेला होता, आणि दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मृत्यर्थ ओरत्तनाडुला जे छत्र उभारले, त्यावरून हे स्थळ मुक्तांबाळपुरम या नावानेही ओळखले गेले. तंजावूरकर राजांची छत्रे रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना अन्न देत, निराधार मुलांना सांभाळत व शिकवत. याच सरफोजींच्या काळात दरबारी मुदपाकखान्यातील कृती मराठीत लिहून ठेवल्या गेल्या; शरभेंद्र पाकशास्त्र या नावाने तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात असलेल्या या ग्रंथात इंग्रजी धाटणीच्या पदार्थांनाही जागा मिळाली आहे. छत्रात पंगतीला हाताने जेवणारा यात्रेकरू आणि दरबारी मेजावर काटे-चमच्यांनी जेवणारा पाहुणा हे एकाच राजाच्या अन्नव्यवस्थेचे दोन भाग होते. फिले ही मुळात काटे-चमच्याच्या मेजाची गरज आहे; बोटांनी जेवणाऱ्याला काटा चाचपून काढता येतो, सुरी-काट्याने जेवणाऱ्याला तो आधीच काढून द्यावा लागतो.

मात्र प्रत्येक मासा फिले देऊ शकत नाही. ओरत्तनाडुच्या परिसरातील तळ्यांत वाढवले जाणारे कटला व रोहू हे कार्प कुळातील मासे आहेत, आणि १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी या कुळातील माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्यात यश मिळवल्यापासून त्यांचे बीज देशभर पोचले. पण त्यांच्या मांसात, कण्यापासून सुटे, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक काटे पेरलेले असतात, जे सुरीने सलग काढता येत नाहीत. फिलेसाठी योग्य ते तमिळमध्ये विराल म्हणवणारी मरळ, जिलेबी म्हणून विकला जाणारा तिलापिया, आणि सर्वांत वरचा कोडुवा. कोडुवा म्हणजेच रायगडच्या खारेपाटात, पेण-अलिबागकडे, लोक घराजवळच्या तळ्यात हौसेने वाढवतात तो जिताडा; शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. हा मासा समुद्र, खाडी व गोडे पाणी या तिन्हींत जगतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये भारतात प्रथम त्याचे बंदिस्त प्रजनन साधले, आणि जुन्या तंजावूर जिल्ह्यातल्याच शीर्काळी येथे मुख्यालय असलेल्या राजीव गांधी जलजीवपालन केंद्राने त्याच्या बीजनिर्मितीचे काम पुढे नेले. त्याचे मांस घट्ट, थर जाड आणि कातडी मजबूत असते. तव्यावरच्या फिलेसाठी यापेक्षा चांगला मासा या किनाऱ्यावर मिळणे कठीण आहे.

तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, आणि त्या काळात समुद्राचा मासा दुर्मीळ व महाग होऊन तळ्याच्या माशाचे महत्त्व वाढते. नेमके याच उन्हाळ्यात तळी आटलेली व कोमट असतात, निळ्या-हिरव्या शेवाळवर्गीय जिवाणूंची वाढ जोरात असते, आणि ते जिओस्मिन नावाचे संयुग पाण्यात सोडतात. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास दरवळतो त्यामागेही हेच संयुग आहे. पाण्यात ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी माणसाच्या नाकाला कळते. माशाच्या कल्ल्यांतून ते शरीरात शिरते आणि चरबी असेल तेथे, म्हणजे कातडीत, पोटाच्या कडेला आणि मघाशी उल्लेखलेल्या तांबूस पट्टीत साठते. म्हणून तळ्यातील मरळ किंवा तिलापियाचा फिले घेताना कातडी सोलून घ्यावी व मध्यरेषेवरची तांबूस पट्टी सुरीने खरवडून टाकावी. आम्लात जिओस्मिनचे दुसऱ्या, वास नसलेल्या संयुगात रूपांतर होते, त्यामुळे चिंचेच्या कोळाने धुण्याची तमिळ घरांतील रीत या माशांसाठी शहाणपणाची आहे. समुद्राच्या माशाचा वास वेगळा असतो. त्याच्या मांसात खाऱ्या पाण्याचा ताण सोसण्यासाठी असलेल्या एका संयुगापासून जिवाणू ट्रायमिथिलअमाइन हा उग्र वासाचा पदार्थ तयार करतात, आणि कोकणातले आगळ काय किंवा तंजावूरकडची चिंच काय, त्यातील आम्ल या पदार्थाला क्षाररूपात बांधून त्याचे उडणे थांबवते. पण आम्ल मांसाची प्रथिनेही गोठवते. फिलेला ते दहा मिनिटांहून अधिक लावून ठेवले तर पृष्ठभाग आचेशिवायच पांढरा व भुसभुशीत होतो.

तव्याकडे वळण्यापूर्वी फिले कोरडा करणे ही पायरी येते, आणि बहुतेक घरांत तीच वगळली जाते. खमंग तांबूस कवच ज्या क्रियेने येते ती मायार क्रिया, म्हणजे अमिनो आम्ले व शर्करा यांचा उष्णतेत होणारा संयोग. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ती साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते, आणि पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तेथील तापमान १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० जूल उष्णता लागते, शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला लागते त्याच्या पाचपटींहून जास्त. बाष्पीभवनाची ही अप्रकट उष्णता तव्यातूनच घेतली जाते. फिलेवर पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर, पाणी राहिले असेल तर ते उडवण्यात एक किलो वजनाच्या बिडाच्या तव्याचे तापमान सुमारे २५ अंशांनी उतरते, आणि तेवढा वेळ मासा तळला न जाता वाफेत उकडत राहतो. म्हणून फिलेला मीठ लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, मिठाने ओढून काढलेले पाणी स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्यावे, आणि मगच तेलाला हात लावावा. मीठ आत मुरल्याने प्रथिने थोडी विरघळतात व शिजताना पाणी अधिक धरून ठेवतात, त्यामुळे ही पायरी चवीसाठी जितकी, तितकीच ओलाव्यासाठी आहे. वितळवलेल्या गोठवलेल्या फिलेच्या बाबतीत तर तिला पर्याय नाही. बासा या नावाने विकल्या जाणाऱ्या पंगासच्या फिलेवर बर्फाचा थर चढवलेला असतो, तो फ्रीजमध्ये रात्रभर सावकाश वितळू द्यावा आणि सुटलेले सारे पाणी ओतून टाकावे.

तवा बिडाचा असावा, चांगला वापरात मुरलेला. बिडाची उष्णता वाहण्याची क्षमता ॲल्युमिनियमपेक्षा बरीच कमी असली तरी जाडीमुळे तो उष्णतेचा साठा करतो आणि गार मासा ठेवल्यावर लगेच थंड पडत नाही. वर्षानुवर्षे तेल लावून तापवल्याने त्यावर तेलाच्या रेणूंची एकमेकांत गुंफलेली कठीण, गुळगुळीत पुटे चढतात, आणि मासा धातूला न भिडता या पुटांवर बसतो. मासा चिकटतो याचे कारण त्याची ओली प्रथिने उष्ण धातूशी थेट बंध जोडतात. तेल नुसते असून भागत नाही, ते मासा टेकण्यापूर्वी पुरेसे तापलेले असावे लागते, म्हणजे पृष्ठभागाची प्रथिने स्पर्शाच्या क्षणीच गोठतात आणि धातूशी जुळायला मोकळी राहत नाहीत. तवा तापला हे ओळखायला पाण्याचा थेंब पुरतो: नुसता चुरचुरून आटला तर तवा अजून कमी तापला आहे, आणि अखंड राहून तव्यावर घरंगळू लागला तर तापमान दोनशे अंशांच्या आसपास पोचले आहे. जर्मन वैद्य लायडनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये हा घरंगळणारा थेंब वर्णिला. त्याच्याखाली तयार झालेला वाफेचा थर त्याला धातूपासून उचलून धरतो. ही खूण दिसली की आच किंचित उतरवून तेल सोडावे. शेंगदाण्याचे शुद्ध केलेले तेल येथे सर्वांत भरवशाचे आहे. घाण्याचे तीळतेल व खोबरेल, जी ओरत्तनाडुकडच्या नारळ-भुईमुगाच्या पट्ट्यात सहज मिळतात, ती चवीला सुंदर असली तरी १८० अंशांच्या आतच धुमसू लागतात, म्हणून ती शेवटी चमचाभर वरून घालावीत.

कातडीसह असलेला कोडुवाचा फिले कातडी खाली करून तव्यावर ठेवायचा असतो. आच लागताच कातडीतले कोलॅजेन आकसते आणि पट्टा कमानीसारखा वर उचलला जाऊ लागतो, म्हणून पहिली दहा-पंधरा सेकंदे उलथन्याने तो हलकेच सपाट दाबून धरावा; त्यानंतर मात्र त्याला मुळीच हलवू नये. मासा आपोआप सुटतो, कारण कवच पुरते कोरडे झाले की धातूशी असलेले बंध तुटतात, आणि तोपर्यंत उलथने खुपसणे म्हणजे कातडी तव्यावर सोडून देणे होय. शिजण्याचा तीन-चतुर्थांश वेळ या एकाच बाजूवर जावा. बाजूने पाहिल्यास अपारदर्शक पांढरा रंग खालून वर चढताना दिसतो; तो वरच्या कडेपासून थोडाच दूर राहिला, की फिले एकदाच उलटावा. दोन सेंटिमीटर जाडीच्या फिलेला कातडीकडून चार-पाच मिनिटे आणि दुसरीकडून एक ते दीड मिनिट पुरते. उष्णतेला मांसाच्या मध्यापर्यंत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दुप्पट जाड फिलेला दुप्पट नव्हे, चौपटीच्या जवळपास वेळ लागेल. हे ध्यानात घेता शेपटीकडचा पातळ भाग आधीच कापून वेगळा शिजवणे, किंवा दुमडून जाडी सारखी करणे, हा उत्तम उपाय ठरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशासाठी आतले तापमान ६३ अंश सांगितले आहे, आणि तळ्याच्या माशातील परजीवींचा विचार करता ते पाळणे योग्य आहे. मात्र तवा सोडल्यावरही आतली उष्णता मध्याकडे सरकत राहते, म्हणून ६० अंशांच्या सुमारास फिले ताटलीत काढून दोन मिनिटे थांबले तर तो नेमका तेथे पोचतो. तापमापक नसेल तर जाड भागात सुरीचे टोक हलकेच वळवावे. थर सुटू लागले आणि अगदी मध्यावर काचेसारखी छटा जेमतेम उरली असेल, तर तो उतरवण्याचा क्षण आहे.

मसाल्याबद्दल तडजोड करावी लागते. तमिळ मीन वरुवलचा, म्हणजे तळलेल्या माशाचा, तिखट-हळद-बडीशेपेचा दाट लेप काय किंवा मराठी आले-लसणाचे वाटण काय, दोन्ही ओली असतात, आणि लेप जळण्यापूर्वी शिजावा म्हणून आच मंद ठेवावी लागते. तुकडीचा काटा व जाडी हा विलंब सोसतात, फिले सोसत नाही. त्याला तिखट-हळदीचे कोरडे मिश्रण मिठासोबत अगदी थोडे चोळावे आणि तव्यावर ठेवण्याच्या क्षणी, त्याआधी नव्हे, तांदळाच्या पिठीत हलके दाबून जादा पिठी झटकून टाकावी. पिठी उरलेला ओलावा शोषते व स्वतःच कवच बनते, म्हणून कातडी सोललेल्या मरळ-तिलापियाच्या फिलेला ती जवळजवळ अनिवार्य आहे. वाटणाची चव हवीच असेल तर ते वेगळे परतून माशावर नंतर घालावे. अगदी पातळ किंवा पाणचट फिलेला, बासा त्यातलाच, तव्यावर कुरकुरीत करण्याचा हट्ट सोडून नारळाच्या दुधात, उकळी न आणता, झाकण ठेवून हळूच शिजवावे. तेथे तापमान ८० अंशांच्या आत राखले, म्हणजे पृष्ठभाग जेमतेम थरथरत ठेवला, तर त्याचाही स्वाद राहतो.

खरेदी करतानाच अर्धे काम होते. फिले शक्यतो अख्खा मासा पाहून समोर काढून घ्यावा, कारण डोळ्यांची चकाकी व कल्ल्यांचा लाल रंग ही ताजेपणाची लक्षणे कापलेल्या पट्ट्यावर दिसत नाहीत. मरणोत्तर ताठरता येण्यापूर्वी कापलेला फिले नंतर आकसतो, ताठर असताना वाकवून कापला तर थर फाटतात. बर्फात ठेवून ताठरता उतरलेला मासा कापायला सर्वांत चांगला. खाडी-समुद्राचा कोडुवा असेल तर खवले काढून कातडी राखायला सांगावी, तळ्याचा मासा असेल तर सोलायला सांगावी, आणि रोहू-कटला तुकड्यांतच घ्यावेत. अख्ख्या माशाच्या वजनाचा जेमतेम निम्मा भाग फिलेत येतो; उरलेले डोके व मधला काटा यांचे पैसेही ग्राहकाने दिलेले असतात, तेव्हा ते मागून घ्यावेत आणि त्यांचे चिंच घालून कालवण करावे.